दारासमोरची जागा

लिफ्टचं दार उघडलं. आत पाठीला दप्तरं लावलेली मुलं, त्यांच्या आया आणि स्टुलावर बसलेले लिफ्टमन. आमच्या हातातलं मॉडेल बघून लिफ्टमननी दारात हात आडवा धरला.

"हे इकडून नाही. सामानाची लिफ्ट त्या टोकाला."

"सामान नाहीये, काका," पायल म्हणाली. "परीक्षा आहे माझी."

"परीक्षा पण त्याच लिफ्टने."

आतल्या आया हसल्या आणि दार बंद झालं. हसू मलाही आलेलं, पण पायलकडे बघितलं आणि गिळलं.  आज तिच्या डिझाइनची ज्युरी होती. ज्युरी म्हणजे काय तर आपण शीट भिंतीवर लावायची, मॉडेल पुढ्यात ठेवायचं आणि बाहेरून आलेल्या आर्किटेक्टसमोर आपल्या डिझाइनची बाजू मांडायची. ते सोलतात, आपण उभं राहायचं. यात नापास झाली तर पायलचं चौथं वर्ष गेलं.

माझं आर्किटेक्चरशी काही देणंघेणं नाही. आम्ही आंबिवलीच्या एका चाळीत भिंतीला भिंत लावून वाढलो, म्हणून मी मॉडेल धरायला आले. आदल्या दिवशी दोघी बाळकुमला तिच्या राजरत्नकाकांच्या टॉवरमधल्या फ्लॅटवर राहिलेलो, कारण तिथून कॉलेजपर्यंत मॉडेल रिक्षातून धड पोचलं असतं.

सामानाची मोठी लिफ्ट थेट तळघरातल्या पार्किंगमध्ये उतरली. दार उघडलं की समोर कचऱ्याची खोली. निळे-हिरवे डबे, वाळत टाकलेले मॉप, कोणाची तरी चाक नसलेली सायकल. पायल तिथेच थांबली.

"चल ना. रिक्षा थांबलीय."

"इथेच काढलेलं त्यांना," ती म्हणाली.

"ते" म्हणजे तिचे आजोबा, सखाराम. आयुष्यभर आमच्या चाळीत राहिले, कारखान्यात पाळ्या केल्या, रोज संध्याकाळी अंगणातल्या बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला "काय गं, कुठं निघाली नटून?" असं विचारलं. शेवटच्या आजारात राजरत्नकाकांनी त्यांना बाळकुमला आणलं, इथून हॉस्पिटल जवळ म्हणून. आणि इथेच ते गेले.

तेव्हा मीही आलेले, आंबिवलीच्या लोकांबरोबर. आम्ही गेटवर अडकलो. टॉवरच्या नियमाप्रमाणे प्रत्येक पाहुण्याचं नाव टॅबमध्ये टाकायचं, फोटो काढायचा आणि वरून फ्लॅटवाल्याने मोबाइलवर "आत सोडा" दाबायचं. आम्ही सगळी चाळ. राजरत्नकाका वडिलांच्या उशाशी बसलेले आणि हातात फोन वाजतोय: पाहुणा आला आहे. दाबलं. पाहुणा आला आहे. दाबलं.

चाळीतल्या गंगुबाईंसमोर वॉचमनने टॅब धरला तशा त्या ओरडल्या, "माझा फोटो कशाला रे? मेलाय सखाराम!"

आम्ही आत पोचेपर्यंत पुढचं होऊन गेलेलं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी राजरत्नकाकांना हात जोडून सांगितलं, "लॉबीत नको प्लीज, मुलांची शाळेची वेळ आहे." मग स्ट्रेचर मोठ्या लिफ्टने, कचऱ्याच्या खोलीसमोरून, पार्किंगमध्ये. दोन गाड्यांच्या मधे आजोबांना ठेवलं. बायकांना बसायला जागा नव्हती, त्या एका पांढऱ्या गाडीला टेकून उभ्या राहिल्या, तर गाडीचा अलार्म वाजायला लागला. त्या आवाजातच आम्ही त्रिसरण-पंचशील म्हटलं.

त्या दिवशी पायल रडली नाही. पर्समधून मेझरिंग टेप काढून दोन खांबांमधलं अंतर मोजत बसली. तिच्या आईने पाठीत धपाटा घातला, "मेले, आजोबा गेलेत तुझे आणि टेप कसली काढतेस?"

असली आहे ती. शाळेत असताना आमच्या घरात येऊन म्हणायची, "काकू, तुमचा ओटा माझ्या आईच्या ओट्यापेक्षा चार बोटं उंच आहे, म्हणून तुमचा खांदा दुखतो." माझ्या आईने बाम लावत तिला हाकललेलं. घाबरट पण तितकीच. वर्गात उत्तर येत असून हात वर करायची नाही, आणि कोणी चुकीचं उत्तर दिलं की बाकाखाली माझ्या मांडीला चिमटे काढायची. चूक तिची नसायची, मांडी माझी असायची.

यंदा डिझाइनला विषय आला: बाळकुमच्या एका प्लॉटवर निवासी टॉवर. पायलने काय करायचं ते पहिल्याच दिवशी ठरवलं. टॉवरच्या मुख्य दारासमोर छप्पर असलेली मोकळी जागा. दोन्ही बाजूंना लांब बाकं, एक नळ, पुढे गाडी उभी राहील एवढी वाट. मोठी लिफ्ट थेट तिथेच उघडणार. माणूस गेला की त्याला दारातून न्यायचं, मागून नाही. ती जागा त्यासाठी.

तिचे गाइड साईनाथ सर. माणूस वाईट नाही. मुलांसाठी जीव टाकणारा, पण एक्स्टर्नलला, म्हणजे बाहेरच्या परीक्षकाला, भिणारा. पायलने चहाच्या टपरीवर मला त्यांची नक्कल करून दाखवलेली, चष्मा नाकाच्या टोकावर घेऊन: "पायल, भावना पोचली. पण शीटवर 'मृत्यू' हा शब्द नको. मागल्या वर्षी एकाने स्मशानभूमी केली, एक्स्टर्नलने त्याला उभा सोलला. तू 'कम्युनिटी प्लाझा' म्हण. जागा तीच राहील. नाव फक्त जरा… प्रसन्न."

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलेलं.

"हो म्हणाले."

"का?"

"जागा तीच राहणार होती ना."

पण जागेला कम्युनिटी प्लाझा म्हटल्यावर सरांनी तिला कम्युनिटी प्लाझाच समजायला सुरुवात केली. मग बाकं वाकडी झाली, नळाच्या जागी कारंजं आलं, ते तिने भांडून काढलं. मग सर म्हणाले, लिफ्ट जरा बाजूला सरकव, मजल्यावर चौथा फ्लॅट नीट बसेल. तिने सरकवली. दर आठवड्याला मला फोन: "अगं, सर चांगलंच सांगतात. पण दर वेळी बाहेर पडल्यावर मी जुनी शीट काढून बघते."

तर ज्युरीचा दिवस. हॉलमध्ये भिंतभर शीट, खाली मुलं डोळे तांबारलेली. बाहेरच्या परीक्षक होत्या मृणाल मॅडम. डोंबिवलीत त्यांचं ऑफिस, स्वतः टॉवर बांधणाऱ्या. आखूड पांढरे केस, चष्मा डोक्यावर, आवाज इतका हळू की ऐकायला सगळ्यांना पुढे वाकावं लागायचं. पायलच्या आधीच्या मुलाला त्यांनी हळू आवाजातच विचारलं, "या घरात फ्रिज कुठे ठेवणार?" आणि तो मुलगा संपला.

"नेक्स्ट. पायल."

मी मॉडेल टेबलावर ठेवलं आणि मागे जाऊन बसले. पायलने पाठ केल्यासारखं सुरू केलं. प्लॉट असा, वारा असा, ऊन असं. दारासमोरच्या जागेपाशी आली तसा तिचा आवाज खाली गेला.

"आणि ही… कम्युनिटी प्लाझा."

"म्हणजे काय?"

"लोक एकत्र येतील."

"कशासाठी?"

"थांबायला."

"कोणाची वाट बघत?"

कोणीतरी फिसकन हसलं. पायलने ओढणीला हात पुसले.

"वर पोडियमच्या गच्चीवर तू बाग दिलीस," मॅडम म्हणाल्या. "क्लब हाऊस दिलंस. मग दारातली एवढी मोक्याची जागा अडवून का ठेवलीस? आणि ही मोठी लिफ्ट. ती सगळे मागे टाकतात, तू पुढे आणलीस. का?"

साईनाथ सर पटकन उभे राहिले. "मॅडम, तिचा इंटेंट असा आहे की पुढचं आणि मागचं, मालक आणि नोकर हा जो भेद आहे, तो पुसून टाकायचा. एक प्रकारे लोकशाही अशी—"

"साईनाथ, तिला बोलू दे."

"सर म्हणतात तसंच आहे," पायल म्हणाली.

"सर काय म्हणतात ते मी ऐकलं. तू काय म्हणतेस?"

पायल माझ्याकडे बघायला लागली. मी काय करणार? मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून ते मलाही माहीत नव्हतं.

"मॅडम, माणूस वारला की त्याला ठेवायची जागा आहे ती."

मागची मुलं मॉडेल बघायला पुढे सरकली. 

"पायल," सर दबक्या आवाजात म्हणाले, "आपलं असं ठरलं नव्हतं."

"ठरलेलं सर. पहिल्या दिवशी हेच ठरलेलं."

"मॅडम, हा तिचा वैयक्तिक संदर्भ आहे, घरात एक घटना झाली. पण डिझाइनचा इंटेंट तो नव्हे. डिझाइन पुढे गेलं आहे. ते आता सार्वजनिकतेबद्दल आहे."

"नाही सर," पायल म्हणाली. "ते तुमचं आहे. माझं नाही."

मी डोळे मिटून घेतले. गेलं, म्हटलं. वर्ष गेलं.

मॅडमनी चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर आणला. "म्हणजे ड्रॉइंग एक, हेतू दोन, आणि शीटवर तिसरंच लिहिलंय. बरं. तुझा हेतू धरू. मग मला सांग, माझी आई ब्याऐंशीची आहे. रोज भाजी आणायला खाली उतरते. रोज दारात तिने ती जागा बघायची?"

"रोज ती नुसती बाकं आहेत, मॅडम."

"तिला माहीत असेल ना, कशासाठी आहेत."

"आमच्या चाळीत ज्या अंगणात माणसाला ठेवायचे, तिथेच आम्ही क्रिकेट खेळायचो."

"भीती नाही वाटायची?"

"त्या दिवशी खेळ बंद. दुसऱ्या दिवशी स्टंप परत तिथेच."

पाठीमागून कोणीतरी "सही" म्हटलं. मॅडमनी तिकडे नुसतं बघितलं, तो गप्प.

"चाळीत सगळे एकमेकांना ओळखतात. टॉवरमध्ये शेजारच्याचं नाव माहीत नसतं. अनोळखी माणसाचं प्रेत दारात बघायला लोकांनी घर घेतलेलं नाही. मी हेच मागच्या बाजूला केलं असतं. स्वतंत्र गेट, झाडं, शांतता. सन्मानाने."

"मागे म्हणजे मागेच ना, मॅडम," पायल म्हणाली. आवाज फाटलेला. "तिथे कितीही झाडं लावली तरी."

"हे तुझं मत झालं."

"हो."

"ठीक. मतावर मी मार्क कापत नाही." त्या उठून फ्लॅटच्या मजल्याच्या प्लॅनपाशी गेल्या. खिशातलं कसलं तरी बिल काढलं, त्याची चिंचोळी पट्टी फाडली, प्लॅनच्या स्केलने मापून नखाने तोडली. "हे स्ट्रेचर. माणूस या बेडरूममध्ये गेला. आण त्याला खाली."

पायलने पट्टी प्लॅनवर ठेवली. बेडरूममधून हॉल, हॉलमधून दार. दारातून पॅसेज. पॅसेज सरळ गेला आणि लिफ्टसाठी काटकोनात वळला. पट्टी वळेना. तिने ती थोडी मागे घेतली, तिरकी केली, परत सरकवली. एक टोक भिंतीत, दुसरं टोक शेजारच्याच्या दारात.

"उभं करावं लागेल," मॅडम हळूच म्हणाल्या. "बांधून. उभं करून न्यावं लागेल."

 पायलने पट्टीवरचं बोट काढलं नाही. लिफ्ट आधी समोर होती, चौथ्या फ्लॅटसाठी बाजूला सरकवली तेव्हा हा काटकोन आला, हे तिला त्या क्षणी कळलेलं आणि सरांनाही. दोघांपैकी एकानेही ते बघितलं नव्हतं, कारण कम्युनिटी प्लाझात कोणी स्ट्रेचरवरून येत नाही.

"शीटवर जे लिहिलंय ते मला पटत नाही," मॅडम म्हणाल्या. "आणि तू जे बोललीस ते काढलेलं नाहीये. मी पास कशाला करू? जेवणानंतर ये. ट्रेसिंगवर काढून आण. नाही जमलं तर माझा नाइलाज आहे."

जेवायच्या सुट्टीत सगळे वडापाव आणायला पळाले. पायल हॉलबाहेरच्या जमिनीवर ट्रेसिंग पेपर पसरून बसली, पण पेन्सिल टेकवेना.  मी ग्लुकोजचं बिस्कीट पुढे केलं, तिने ते पट्टीसारखं आडवं धरून प्लॅनवर ठेवलं आणि मग तिला उमाळा आला.

"मी स्वतःच त्यांना परत कोपऱ्यात अडकवलं गं."

तेवढ्यात साईनाथ सर आले. उभेच राहिले.

"मला सगळ्यांसमोर खोटं पाडलंस."

"सॉरी सर."

"स्ट्रेचर वळायला हवं, हे मला एकदा सांगायचं होतंस."

"सांगितलेलं सर. पहिल्या दिवशी. मापसुद्धा दिलेलं."

 सरांनी पँट गुडघ्यापाशी ओढून खाली तिच्यासमोर मांडी घातली. "असेल. मी ते प्लाझा म्हणूनच ऐकत गेलो." मग प्लॅनवर बोट ठेवून म्हणाले, "लिफ्ट समोर आणलीस तर चौथा फ्लॅट जातो."

"एक बेडरूम जाते. घर राहतं, एका बेडरूमचं."

"दिलेल्या विषयात दोन बेडरूमची चार घरं लिहिलीत. ती मोडलीस तर मार्क जाणार. नक्की जाणार. पासाचीच मारामार आहे तुझी, पायल. दुसरं काहीतरी बघ. कोपरा तिरका काप."

तिने काप देऊन बघितला. पट्टी वळत होती, पण दोन्ही बाजूंना उचलणाऱ्या माणसांना जागाच राहत नव्हती.

"सर, स्ट्रेचर एकटं नाही येत," ती म्हणाली. "उचलणारे असतात. मागे बायका असतात."

"कोणी मोजणार नाहीये ते."

"मॅडम मोजतील."

"आणि नाही मोजलं तर?"

पायलने नाक पुसलं. "तर मग मी मोजीन."

सर उठले. मला वाटलं, रागावून गेले. ते आतून स्वतःची टी-स्क्वेअर घेऊन आले, तिच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाले, "माझा सल्ला मी दिला. तो मी मागे घेत नाही. पण हाताने रेघ मारू नकोस, तुझा हात लटपटतोय."

जेवणानंतर मॅडमसमोर ट्रेसिंग ठेवलं तेव्हा त्यावर बेडरूम खोडलेली होती, लिफ्ट समोर आलेली आणि पॅसेज रुंद. खालच्या जागेवर पेन्सिलीने लिहिलेलं: अंत्यदर्शनाची जागा. आधी "थांबायची जागा" लिहून ते तिने खोडलेलं, ते खाली दिसत होतं.

मॅडमनी पट्टी मागितली नाही. स्वतःचे दोन्ही हात प्लॅनवर समांतर ठेवून बेडरूमपासून लिफ्टपर्यंत हळूहळू नेले, खांदेकऱ्यांसकट न्यावं तसे.

"बेडरूम खाल्लीस."

"हो."

"विषय मोडलास."

"हो, मॅडम."

"कोणीतरी दोन खोल्यांचे पैसे देणार होता, त्याला काय सांगशील?"

"एक खोली कमी आहे असं सांगेन."

मॅडमना हसू आलं की खोकला, कळलं नाही. "विषयाचे मार्क मी कापणार. पूर्ण कापणार. उरले त्यात तू कशीबशी वर राहतेस." त्यांनी कागदावर सही केली. "आता निदान काय आहे ते लिहिलंयस, म्हणून यावर भांडता येतं. आणि ती जागा दारात असू नये हे माझं म्हणणं कायम आहे. मागेच हवी. घरी जाऊन विचार कर."

"विचार केलाय, मॅडम."

"पायल!" सर म्हणाले.

"थँक्यू, मॅडम," पायल म्हणाली.

कॉलेजच्या फाटकाबाहेर आलो तरी तिला पास झाल्याचं कळल्यासारखं दिसेना. मॉडेल तिथेच टाकून आलेलो. नौपाड्याच्या दिशेने ती इतकी तरातरा चालायला लागली की मला पळावं लागलं.

"अगं, थांब ना! पास झालीस!"

"झाले. काठावर."

"मग हस ना जरा. तुझ्या बाबांना फोन लाव. सकाळपासून किती मिस्ड कॉल आहेत बघ."

तिने फोन काढला, पण लावला नाही. एका केमिस्टच्या पायरीपाशी थांबली. "स्वतंत्र गेट म्हणे! झाडं म्हणे! म्हणजे गंगुबाईने आधी पुढच्या गेटवर फोटो काढायचा, मग वळसा घालून मागच्या गेटवर परत फोटो काढायचा?"

"तू हे तिथे बोलायला हवं होतंस."

"आत्ता सुचलं ना!" ती जवळजवळ किंचाळली. दुकानातला माणूस बघायला लागला. "नेहमी असंच होतं माझं. आत्ता सुचतं."

फोन वाजला. बाबाच होते.

"हां बाबा… हो. झाले… हो, खरंच झाले. रडता कशाला?… नाही, सर नाही चिडले. म्हणजे चिडले… नाही ओ, मॅडमना नाही पटलं. मागे न्या म्हणतात." ती ऐकत राहिली. मग तिने फोन कानापासून जरा लांब धरला, कारण पलीकडून बाबा जोरजोरात बोलायला लागलेले, आणि त्यांच्यामागून तिची आई.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

पायलने माइकवर हात ठेवला. पहिल्यांदाच तिच्या तोंडावर थोडा रंग आलेला.

"बाबा म्हणतात, मॅडमचं बरोबर आहे. आई म्हणते, अजिबात नाही. आता त्यांचं जुंपलंय."